भिंत गालाला कळते

चहाचा पेला हातात घेऊन अंबूताई स्वयंपाकघरातून निघाल्या, मधली खोली ओलांडत आल्या आणि पुढच्या दाराच्या चौकटीवर त्यांचं कपाळ थाडकन आपटलं. अर्धा चहा साडीवर सांडला, अर्धा खालच्या जमखान्यावर.

पद्मा, त्यांची भावजय, पोळपाट तसाच टाकून धावत आली.

"लागलं का हो, वन्सं? बसा आधी. टेंगूळ आलंय बघा केवढं."

"येऊ दे. लग्नघर आहे, मीही थोडं नटायला नको का?"

पद्मा हसली नाही. माणूस हसला नाही हे अंबूताईंना ऐकू यायचं. शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राची घडी झाली, खुर्ची करकरली आणि मग काहीच झालं नाही. म्हणजे विठ्ठलही ऐकत होता. धारवाडच्या कोर्टात आयुष्यभर समोरच्या वकिलाला एक वाक्य पुरं करू न देणारा त्यांचा धाकटा भाऊ गप्प बसून होता, याचीच अंबूताईंना जास्त भीती वाटली.

काचबिंदूनं त्यांचे डोळे एकदम नेले नव्हते. शेंगदाणे खाल्ल्यासारखे थोडे थोडे करून नेले. हुबळीच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवता शिकवता फळ्याच्या कडा गेल्या, मग मधला भाग गेला, आणि निवृत्तीनंतर वर्षा-दोन वर्षांत दिवस-रात्रीचा फरकही गेला. पण धारवाडातल्या माळमड्डीच्या या घरात त्यांनी कधी काठी हातात धरली नाही. काठी रस्त्यासाठी. घरात त्या फाटकापासून मागच्या पारिजातकापर्यंत अशा चालायच्या की नवा पाहुणा त्यांना वाचायला पत्रिका द्यायचा आणि मग ओशाळायचा.

"तुम्हाला कळतं कसं?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "भिंत गालाला कळते. जवळ आली की गालावर कुणीतरी हात आणल्यासारखं वाटतं. दार आलं की तो हात काढून घेतल्यासारखं."

आणि चालताना तोंडातल्या तोंडात जीभ टाळूला लावून टक्, टक् असा आवाज करायची त्यांना खोड होती. नेत्रा, विठ्ठलरावांची मुलगी, लहानपणी सगळ्यांना सांगायची की आत्याजवळ एक घोडा आहे, पण तो दिसत नाही. ती नेत्रा आता हुबळीच्या एका कॉलेजात शिकवत होती आणि पंधरवड्यानं तिचं लग्न होतं. घोडा मात्र अजून घरात होता.

पण गेल्या आठवड्यापासून भिंती गालाला कळेनाशा झाल्या होत्या.

पहिल्यांदा कपाटाचा कोपरा लागला. अंबूताईंनी मनावर घेतलं नाही. लग्नाच्या गडबडीत कपाट सरकलं असेल. विठ्ठलरावांनी मात्र मनावर घेतलं. त्यांच्या गल्लीत एकाच्या घरी कार्य निघालं की बाकीची घरं आपापले जमखाने, गाद्या, लोड पाठवून देत. मंडपवाल्याकडून गाद्या आणणं तिथं कमीपणाचं समजत. आणि विठ्ठलराव तर गाडीच्या तासभर आधी स्टेशनावर जाऊन बसणारे. त्यांनी पाहुण्यांची वाट न बघता सगळ्या गल्लीचं अंथरूण-पांघरूण गोळा केलं होतं. मधल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत नवलगुंदचे जाड जमखाने अंथरले होते. आपल्या अक्काला कपाट लागल्यावर त्यांनी कपाटाला गादी टेकवून उभी केली. दुसऱ्या दिवशी अक्का बोळात भिंतीला घासत गेली, तेव्हा बोळातही दोन्ही बाजूंनी गाद्या लागल्या. दारांना पद्माचे नवे जाड पडदे होतेच.

"आता कुठंही आपट, अक्का," ते म्हणाले होते. "लागायचं नाही."

अंबूताई आपटतच राहिल्या.

त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, पण भीती कशाची आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची आई याच घरात हरवली होती. डोळे शाबूत, पाय शाबूत, आणि एका सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून तिनं अंबूलाच विचारलं होतं, "बाई, या घरात न्हाणी कुठं आहे हो?" मग देवघराला न्हाणी समजली, मग मुलीला शेजारीण समजली. शेवटची वर्षं अंबूताईंनीच केलं तिचं सगळं. आईला भिंतीपासून दारापर्यंत हाताला धरून नेताना त्या मनात म्हणायच्या, देवा, डोळे घेतोस तर घे, पण हे नको.

सुरुवात अशीच झाली होती. माहीत असलेल्या घरात चुकण्यापासून.

त्या स्वतःची परीक्षा घेत बसायच्या. शाळेतल्या कुठल्याशा जुन्या वर्गाची हजेरी म्हणून बघायच्या, ती न अडखळता यायची. नेत्रासाठी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणून बघायच्या, तीही यायची. सगळं डोक्यात जागच्या जागी होतं. मग उठून देवघराकडे निघायच्या आणि हात पुढं केला तर तिथं गादी. म्हणजे डोकं होतं तसं होतं आणि घरच हरवलं होतं. आईलाही असंच वाटलं असेल का, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

हळूहळू त्यांनी फिरणं कमी केलं. गुडघे दुखतात म्हणाल्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहू लागल्या. आणि टेंगूळ आलं त्याच संध्याकाळी, विठ्ठलराव अंगणात फोनवर कानडीत बोलत होते ते त्यांना खुर्चीत बसून ऐकू आलं.

"लग्न मुगील्रि, आमॅले कर्कोंड बर्तेनि," आणि मग आवाज खाली आणून, "अव्वगू हिंग शुरू आगित्तु, डॉक्टर."

लग्न होऊ द्या, मग तिला घेऊन येतो. आईचंही असंच सुरू झालं होतं.

म्हणजे विठ्ठललाही तेच वाटत होतं. अंबूताईंनी पदर तोंडावर ओढला आणि झोप लागल्याचं सोंग केलं. त्यांना मरणाची भीती कधी वाटली नव्हती. पण भावाचं आणि भावजयीचं वय आता विश्रांतीचं होतं, आणि त्या दोघांना आपल्याला हाताला धरून न्हाणी दाखवावी लागेल, याची वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्रा म्हणाली, "आत्या, चल माझ्याबरोबर हुबळीला. कार्यालयवाले म्हणतायत, सजावट सुरू व्हायच्या आत माईक तपासून जा. तुझी मंगलाष्टकं आहेत, तुझ्याच आवाजात तपासायला हवा."

अंबूताईंना नाही म्हणायचं होतं. मग वाटलं, गाडीत दोघीच असू, तिथंच सांगून टाकू. ही मंगलाष्टकं दुसऱ्या कुणाला तरी म्हणायला दे, भर मांडवात मी तुझं नाव विसरले तर. पण नवलूर गेलं, उणकल गेलं, लॅमिंग्टन रोडचे रिक्षांचे भोंगे सुरू झाले, तरी शब्द काही तोंडाबाहेर पडेना. नेत्रा सासरच्यांच्या गमती सांगत होती. इतक्या आनंदात असलेल्या पोरीला कसं सांगायचं?

कार्यालयाच्या दारातून आत आल्यावर नेत्रानं त्यांचा हात एका खांबावर ठेवला.

"इथंच थांब. मी मॅनेजरला शोधून येते. खुर्च्यासुद्धा लावल्या नाहीत अजून, मेला नुसता रिकामा हॉल आहे."

तिच्या चपला दूर गेल्या. अंबूताई उभ्या राहिल्या. काठी नेत्राच्या गाडीतच राहिली होती. काही विचार न करता, नुसत्या सवयीनं, त्यांनी जीभ टाळूला लावली.

टक्.

आणि हॉल आला. एकदम आला. समोर लांबवर भिंत होती, वर खूप उंच छत होतं, डाव्या हाताला एकामागून एक काहीतरी उभं होतं, पाहुणे रांगेत उभे असावेत तसं. खांब. अंबूताईंना वाटलं, आपल्याला भास होतोय. त्यांनी पुन्हा केलं. टक्. पुन्हा तेच खांब, तीच भिंत.

त्यांनी खांबावरचा हात सोडला आणि चालायला लागल्या. पहिला खांब गालाजवळून गेला, मग मोकळी जागा, मग दुसरा खांब. भिंत पुढून येत गेली, येत गेली, आणि गालावर कुणीतरी हात आणला तशी त्या थांबल्या. हात पुढं केला. वीतभर अंतरावर ऑईलपेंट दिलेली गार गुळगुळीत भिंत होती.

अंबूताईंनी त्या परक्या भिंतीला आपलं टेंगूळ आलेलं कपाळ टेकवलं. आठवडाभर दाबून ठेवलेलं रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. जे हरवलं होतं ते आपल्यात अजून होतं, एवढंच त्यांना त्या वेळी कळलं आणि तेवढं पुष्कळ होतं.

"आत्या?" नेत्रा परत आली होती. "तू इथवर कशी आलीस? आणि रडतेस का?"

"चालत आले. घोड्यावरून आले असं समज."

नेत्राला त्यातलं काही कळलं नाही, पण आत्या बऱ्याच दिवसांनी थट्टा करत होती हे कळलं. माईक स्टेजवर होता. पायऱ्या चढून गेल्यावर अंबूताईंनी तिचा हात सोडवून घेतला. आता त्यांना धीर आला होता. टक् केलं, पुढून काही आलं नाही.

"पुढं मोकळंच आहे," म्हणून त्या तरातरा निघाल्या आणि शिरल्या त्या सरळ जाड मखमलीच्या पडद्यात.

नेत्रा घाबरून धावली. अंबूताई पडद्यात गुरफटलेल्या तशाच उभ्या होत्या. त्यांनी तो पडदा हातात घेतला, बोटांनी चाचपला, घडी नाकाजवळ नेली. मग तोंड पडद्यासमोर धरून टक् केलं. काही नाही. चाचपत चाचपत पडदा संपतो तिथपर्यंत गेल्या, उघड्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि पुन्हा टक् केलं. भिंत लगेच गालाला कळली.

नंतर त्यांनी जे केलं ते बघून नेत्राला खरोखर आत्याची काळजी वाटली. अंबूताईंनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि भिंतीकडे तोंड करून टक्, टक्, टक् करत राहिल्या. मग बोटं काढली. पुन्हा टक्.

"गाल नाही ग," त्या म्हणाल्या. "कान आहेत. इतकी वर्षं मी गालाला श्रेय देत होते."

"कसलं?"

"नेत्रा, आपल्या घरात सध्या गाद्या किती आहेत?"

"काय की. सगळ्या गल्लीच्या आहेत. अप्पांनी भिंतींनासुद्धा..." आणि बोलता बोलता नेत्रा थांबली.

अंबूताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना स्टेजवरच बसावं लागलं.

"सातवीचा धडा," त्या म्हणाल्या. "दरवर्षी फळ्यावर वटवाघूळ काढायची मी. त्याच्या तोंडातून जाणारे बाण, समोर एक किडा, आणि किड्याला आपटून कानाकडे परत येणारे बाण. ते ओरडतं आणि आपलंच ओरडणं परत ऐकतं. 'वटवाघूळ अंधारात कसे उडते?' दोन गुण. बाणांची दिशा चुकली की एक गुण कापायची. आणि बघ, स्वतः रोज बाण सोडत घरभर हिंडत होते आणि कधी डोक्यात आलं नाही."

"आणि अप्पांनी बाणांना गाद्या लावल्या."

"गाद्या, जमखाने, पडदे. परत काय येणार? बाण गेला की गेला."

"पण सगळी वटवाघळं असं करत नाहीत, आत्या. ती मोठी, फळं खाणारी असतात ना, ती बहुतेक डोळ्यांनीच बघतात."

"म्हणजे ती विठ्ठलसारखी," अंबूताई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि अशा वेळी त्यांना भावाची थट्टा केल्यावाचून राहवत नसे.

माईक तपासून झाला. मंगलाष्टकं अंबूताईंनी एकही शब्द न चुकता म्हटली, आणि दुसऱ्याला द्यायची गोष्ट काढलीच नाही. परतीच्या वाटेवर मात्र त्यांना भावाची काळजी वाटू लागली.

"विठ्ठलला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मायेनं अंथरलंय त्यानं. आपल्यामुळंच अक्का आपटते आहे असं कळलं तर जेवणार नाही दोन दिवस."

"आणि सांगितलं नाही तर आणखी गाद्या आणतील."

हे खरंच होतं. दोघी फाटकातून आत आल्या तेव्हा विठ्ठलराव शेजारच्यांकडून आणखी एक गादी खांद्यावर घेऊन येत होते.

"चौकटीला बांधून टाकतो," ते धापा टाकत म्हणाले. "काल कपाळ फुटायचं राहिलं."

अंबूताईंनी मग सगळं सांगितलं. तिथंच अंगणात, फाटकाला धरून. विठ्ठलरावांनी गादी खाली ठेवली आणि सवयीनं उलटतपासणी सुरू केली. भिंतीचा आवाज कसा येईल? भिंत काय बोलते? मग आम्हाला का ऐकू येत नाही? अक्का आपली समजूत घालण्यासाठी हे रचते आहे असंच त्यांना वाटत होतं, आणि ते त्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होतं.

"समजूत घालत नाहीये रे," अंबूताई म्हणाल्या. "पाहुणे यायला अवकाश आहे. तोवर हे सगळं माडीवर नेऊन ठेव. मग बघ."

"पटत नाही मला."

"न पटता उचल."

दुपारभर तेच चाललं. नेत्रा आणि पद्मानं जमखाने गुंडाळले, विठ्ठलरावांनी एकेक गादी माडीवर नेली. पडदे काढताना पद्माच्या जिवावर आलं, पण तिनं काढले. अंबूताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. एकेक गादी निघत गेली तशी एकेक भिंत परत आली. स्वयंपाकघरात भांडं पडलं त्याचा आवाज मधल्या खोलीत येऊन फिरून गेला. शहाबादी फरशीवर पद्माची पावलं पुन्हा पद्माची झाली. अंबूताईंना वाटलं, कुणीतरी कानांतला कापूस काढला आणि घर पुन्हा बोलायला लागलं.

चहाची वेळ झाली. अंबूताई उठल्या आणि कुणाचा हात न धरता स्वयंपाकघरात गेल्या.

"माझा चहा मीच नेते," त्या पद्माला म्हणाल्या. "आणि विठ्ठलचाही दे. दमला असेल."

दोन्ही हातांत दोन पेले घेऊन त्या निघाल्या. मधल्या खोलीत शेवटची गादी उचलून विठ्ठलराव उभे होते. अक्का येताना दिसली आणि ते जागच्या जागी थांबले. तिच्या वाटेत, अगदी मधोमध. गादी छातीशी कवटाळली होती आणि श्वाससुद्धा रोखून धरला होता. स्वयंपाकघराच्या दारातून नेत्रा बघत होती. बोलण्यासाठी तिनं तोंड उघडलं, तर विठ्ठलरावांनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

टक्, टक्. अंबूताई कपाट चुकवून आल्या, तिवई चुकवून आल्या. कालची ती चौकट अजून पुढं होती. आणि विठ्ठलरावांपासून हातभर अंतरावर त्या थांबल्या.

मान जरा तिरकी केली. टक्. आणखी एकदा, तोंड थोडं वर करून. टक्.

"खाली गादी आहे," त्या म्हणाल्या. "वर टक्कल आहे. विठ्ठल, बाजूला हो, चहा गार होतोय."

नेत्राला हसू आवरेना. विठ्ठलरावांच्या हातून गादी घसरून पायांवर पडली, पण ते हसले नाहीत. त्यांनी अक्काच्या हातातले पेले काढून घेतले आणि तिवईवर ठेवले. मग तिचे दोन्ही हात धरले. पकड केवढी घट्ट होती ते अंबूताईंना कळलं, आणि त्यासाठी टक् करावं लागलं नाही.

"अक्का," ते म्हणाले, "मला वाटलं होतं, आईसारखं..."

"मलाही," अंबूताई म्हणाल्या.

पायांत पडलेली गादी विठ्ठलरावांनी कडेला सारली, आणि दोघं बहीणभाऊ त्या उघड्या, रिकाम्या खोलीत जमिनीवरच बसून चहा प्यायले.